तेल कंपनीचा एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) डॅशबोर्ड: १४० आकड्यांतले नेमके कोणते ठेवू?

नवीन_रिपोर्टिंग

सगळ्यांना नमस्कार. पोस्ट लांबली आहे पण प्लीज पूर्ण वाचा, खरंच अडलेय.

मी एका तेल कंपनीत आधी मेंटेनन्स प्लॅनिंगला होते, तीन महिन्यांपूर्वी हेड ऑफिसच्या रिपोर्टिंग टीममध्ये आले. कंपनीच्या विहिरी आहेत, एक रिफायनरी आहे, पाइपलाइन आणि टर्मिनल आहेत. दर महिन्याला प्रत्येक साइटवरून एक एक्सेल येतं, त्यात १४० च्या आसपास रकाने. अपघात, गळती, फ्लेअरला (मशालीसारख्या चिमणीत जाळायला) गेलेला गॅस, पाणी, कचरा, ट्रेनिंगचे तास, आजूबाजूच्या लोकांच्या तक्रारी, सामाजिक कामांवरचा खर्च, सगळंच. आम्ही त्याची बेरीज करतो, हिरवा पिवळा लाल रंग भरतो आणि बोर्डाकडे पाठवतो.

मागच्या महिन्यात जवळपास सगळी शीट हिरवी होती. त्याच महिन्यात मी आधी ज्या युनिटला होते तिथे पंपाचं सील गेलं आणि नाफ्था (पेट्रोलसारखं ज्वलनशील तेल) सांडला, पेटला नाही हे नशीब. तिथल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला म्हणून मला कळलं. शीटमध्ये शोधलं तर 'किरकोळ गळती: १' एवढंच, आणि रकाना हिरवा, कारण वर्षाचं टार्गेट पाचच्या आत आहे. त्या पंपापाशी मी स्वतः कितीदा उभी राहिलेय. तेव्हापासून ते हिरवे रकाने बघवत नाहीत.

आता साहेब म्हणतात नवीन वर्षापासून १४० चे २० कर. कोणते ठेवू, कोणते काढू? आणि असा आकडा कोणता जो खरंच आधी काहीतरी सांगेल? ज्यांनी साइटवर काम केलंय त्यांनी नक्की लिहा.

---

रात्रपाळी

ताई, मी २२ वर्षं रिफायनरीत काढली, अर्धी फील्डला अर्धी कंट्रोल रूमच्या पॅनलवर, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माणसाला लागणं आणि युनिट फुटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पाय घसरला, बोट चेमटलं, डोळ्यात कण गेला, हे मोजायला सोपं म्हणून सगळ्या कंपन्या तेच मोजतात आणि तो आकडा खाली आला की प्लांट सुरक्षित झाला असं धरून चालतात.

टेक्सास सिटीचं घ्या. २३ मार्च २००५, बीपीची रिफायनरी, शटडाऊननंतर आयसोमरायझेशन युनिट चालू करत होते. टॉवर १७० फुटांचा, आणि लेव्हल ट्रान्समीटर फक्त तळाचे नऊ-दहा फूटच दाखवू शकत होता. आत द्रव दीडशे फुटांच्या वर गेलेलं आणि पॅनलवर आठ फुटांच्या आसपास आकडा, तोही हळूहळू खाली येताना दिसतोय. हाय लेव्हलचा जो वेगळा अलार्म होता तो वाजलाच नाही. मग ब्लोडाऊन ड्रमच्या (जास्तीचा द्रव आणि वाफ सोडायच्या टाकीच्या) उघड्या स्टॅकमधून द्रव कारंज्यासारखं बाहेर आलं, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. १५ माणसं गेली, १८० जखमी. गेलेले सगळे कंत्राटी, जवळ लावलेल्या ऑफिसच्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते. पुढे जेम्स बेकर यांच्या समितीचा रिपोर्ट जानेवारी २००७ मध्ये आला, त्यात स्पष्ट म्हटलंय की कंपनी माणसांच्या दुखापतींच्या आकड्यावरून प्रोसेस सेफ्टीचा (गळती, आग, स्फोट यांपासूनच्या सुरक्षेचा) अंदाज बांधत होती आणि तिथेच चुकली. आणि एवढं होऊनही २० एप्रिल २०१० ला बीपीसाठी विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन रिगवर ज्या दिवशी ११ जण गेले त्याच दिवशी बडे अधिकारी रिगवर आलेले होते, सात वर्षं एकही लॉस्ट टाइम अपघात (ज्यात माणसाला कामावर येता येत नाही असा) नाही म्हणून रिगचं कौतुक चाललेलं. आकडा खोटा नव्हताच, तो वेगळ्याच गोष्टीचा होता.

टेक्सास सिटीच्या धड्यातूनच २०१० मध्ये एपीआयचं (अमेरिकेतल्या तेल उद्योगाच्या संस्थेचं) ७५४ हे मानक आलं, ते वाचून काढा, तुमच्या नाफ्थ्याचं उत्तर त्यात आहे. त्यात चार पायऱ्या आहेत. पहिल्या दोनमध्ये खरोखर झालेली गळती येते, आणि ती 'किरकोळ' का 'मोठी' हे साइटच्या मनावर नसतं, कुठला पदार्थ आणि एका तासात किती किलो बाहेर आला यावर ठरतं. तेव्हा आधी त्या सीलमधून तासाला किती नाफ्था गेला तो आकडा मागवा. 'किरकोळ' हा शब्दच फॉर्ममधून काढा. तिसऱ्या पायरीत सेफ्टी सिस्टीमला हात घालावा लागला ते प्रसंग येतात, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, ट्रिप लागली (यंत्र आपोआप बंद झालं), लेव्हल किंवा प्रेशर हद्दीबाहेर गेलं. चौथी रोजच्या शिस्तीची. माझ्या मते तुम्हाला आधी सांगणारे आकडे या शेवटच्या दोन पायऱ्यांतच मिळतील.

एक उदाहरण सांगतो, कंपनीचं नाव नको. एका कॉम्प्रेसरच्या व्हायब्रेशन ट्रिपला जंपर मारला होता, म्हणजे वायर जोडून ती बायपास केली होती, पॅनेलच्या आत पिवळी चिठ्ठी, त्यावर 'तात्पुरता' आणि सही. मी मध्ये दुसऱ्या युनिटला गेलो. परत आलो, दार उघडलं, तर चिठ्ठीवरची शाई उडालेली आणि जंपर जागेवर. रजिस्टर काढून मोजलं, अकरा महिने. या अकरा महिन्यांत चार शिफ्टचे सगळे लोक त्या दारासमोरून रोज गेलेत आणि महिन्याच्या रिपोर्टला सेफ्टी हिरवी होती.

म्हणून बोर्डापुढे न्यायचं असेल तर हे न्या: आज किती सेफ्टी ट्रिप बायपास आहेत आणि त्यातला सगळ्यात जुना किती दिवसांचा. किती सेफ्टी व्हॉल्व्हची, गॅस डिटेक्टरची, फायर पंपाची टेस्ट तारीख उलटून गेलीय. पॅनलवरच्या माणसाला तासाला किती अलार्म येतात, कारण एमुआ १९१ या अलार्मवरच्या मार्गदर्शिकेच्या हिशोबाने साधारण दहा मिनिटांना एक इतपत माणूस पेलू शकतो आणि मी तासाला शंभर बघितलेत, त्यात खरा अलार्म कुठला हे देवालाच ठाऊक. आणि परमिट, म्हणजे धोक्याचं काम करायची लेखी परवानगी. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ६ जुलै १९८८ ला पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह टेस्टिंगला काढून नेला होता, जागी नुसता फ्लँज, ते परमिट रात्रीच्या शिफ्टच्या हातात पडलं नाही आणि दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला. १६७ माणसं. तेव्हा दिवसाला किती परमिट निघाली याची मोजणी काही उपयोगाची नाही, दहा परमिट उचलून जागेवर जाऊन बघितली तर किती बरोबर निघाली ते मोजा.

---

मीटरवाला

रात्रपाळी दादांनी सेफ्टीचं इतकं नीट लिहिलंय की त्यात भर घालायला नको, मी एमिशनवर काम करतो तेवढंच सांगतो.

फ्लेअर किंवा मिथेनचा कुठलाही आकडा आला की एकच विचारा, मोजलाय की गुणाकार करून काढलाय? बहुतेक ठिकाणी काढलेला असतो. इतके व्हॉल्व्ह, इतके फ्लँज, गुणिले ठरलेला फॅक्टर, झालं मिथेन. यातली मोठी अडचण अशी की एखाद्या टीमने उन्हातान्हात फिरून पन्नास गळके व्हॉल्व्ह दुरुस्त केले तरी आकडा तसूभर हलत नाही कारण व्हॉल्व्हची संख्या तीच राहिली, आणि उलट कुणी काहीच केलं नाही तरी तो वाढत नाही. मग साइटवरच्या माणसाने मेहनत कशासाठी घ्यायची?

फ्लेअरचंही तसंच. सगळे धरून चालतात की ९८ टक्के मिथेन जळतो. २०२२ मध्ये सायन्स मासिकात अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवरून विमान फिरवून केलेला अभ्यास आला, त्यात विझलेले फ्लेअर धरून प्रत्यक्षात ९१.१ टक्केच नष्ट होतो असं निघालं. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण न जळता सुटणारा भाग दोनाचा जवळपास नऊ टक्के झाला, म्हणजे चौपटीहून जास्त. आणि आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) सहाव्या अहवालाप्रमाणे तेल-गॅसमधला मिथेन वीस वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८२.५ पट तापमानवाढ करतो, शंभर वर्षांच्या हिशोबात २९.८ पट. तुमच्या शीटमध्ये कुठला धरलाय तेही बघून ठेवा, मला एकाच कंपनीच्या दोन साइट वेगवेगळा गुणक वापरताना सापडल्यात.

मी स्वतः एका टँक फार्मवर इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन गेलो होतो. डोळ्यांना काही नाही, वास पण खास नाही, आणि कॅमेऱ्यात बघितलं तर टाकीच्या डोक्यावरून धूर निघावा तसा लोट निघतोय. वर चढलो तर डिप घ्यायचं (टाकीतली पातळी मोजायचं) झाकण नुसतं टेकवलेलं, गॅस्केट कधीच गेलेलं. ऑपरेटर माझ्या शेजारी उभा होता, त्याने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "हे रोज असंच असतं सर, आम्हाला दिसतच नाही ना." गॅस्केट बदलायला अर्धा तास लागला.

तर माझं म्हणणं, प्रत्येक पर्यावरणाच्या आकड्याशेजारी एक छोटा रकाना ठेवा, मोजलेला, हिशोबाने काढलेला की अंदाजे. आणि दरवर्षी त्यातला मोजलेल्याचा वाटा वाढतोय का हेच एक इंडिकेटर करा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं ओजीएमपी २.० (तेल-गॅस कंपन्यांच्या मिथेन रिपोर्टिंगचा उपक्रम) नेमकं हेच करतं, पाच पातळ्या आहेत, पाचव्या पातळीला उपकरणावरून केलेली बेरीज आणि अख्ख्या साइटचं वेगळं मोजमाप समोरासमोर ठेवून ताळा लावावा लागतो. तसंही आता फ्लेअर लपत नाही, जागतिक बँकेचे फ्लेअरिंगचे आकडे उपग्रहावरूनच येतात, तुमचा आकडा कुणीही पडताळून बघेल.

अजून एक, एमिशन कमी झालं असं दिसलं की आधी बघा एखादं क्षेत्र विकलं तर नाही ना. विकलं की तुमच्या कागदावरून धूर जातो, आकाशातून जात नाही. भागीदारीतली जी क्षेत्रं दुसरी कंपनी चालवते ती धरलीयत की वगळलीयत हे पण वरच लिहा.

---

बेरीज_वजाबाकी

छोटा मुद्दा पण यात मी पोळलेय. अपघाताचा दर किती तासांवर काढता ते सगळ्या साइटना विचारा. अमेरिकेतल्या ओशाच्या (कामगार सुरक्षा खात्याच्या) पद्धतीत दोन लाख तासांवर असतो, म्हणजे शंभर माणसं वर्षभर, आणि आयओजीपी ही तेल-गॅस कंपन्यांची जागतिक संघटना दुखापतींचे दर दहा लाख तासांवर काढते. एकाचा ०.२ म्हणजे दुसऱ्याचा १. आमच्याकडे दोन साइटची तुलना तीन वर्षं चालली होती, एकीला बक्षीस पण मिळालं, नंतर लक्षात आलं की दोघींचा भागाकार वेगळा.

आणि कंत्राटदारांचे तास. बहुतेक वेळा 'माणसं गुणिले दिवस गुणिले आठ' असे गोल आकडे येतात. गेटवरच्या एंट्रीशी पडताळा. तास फुगवले की दर आपोआप चांगला दिसतो.

---

नवीन_रिपोर्टिंग

बापरे, इतकं सगळं लिहिलंत, मनापासून आभार. बायपासचा रकाना आमच्या १४० मध्ये नाहीच आहे, आत्ताच बघितलं. मेंटेनन्सला असताना ते रजिस्टर मी रोज बघायचे आणि इथे आल्यावर मलाच ते आठवलं नाही.

मग अपघाताचा दर काढूनच टाकू का? आणि निअर मिसचं (थोडक्यात टळलेल्या अपघातांचं) काय करायचं, आमच्याकडे महिन्याला प्रत्येकी दोन निअर मिस कार्ड भरायचं टार्गेट आहे.

---

रात्रपाळी

काढू नका हो. बोट तुटलेल्या माणसाचा आकडा पण कुणीतरी बघितलाच पाहिजे, फक्त त्यावरून प्लांटचा निकाल लावू नका.

निअर मिसचं टार्गेट मात्र काढा. टार्गेट असलं की महिनाअखेरीला एका हाताने दहा कार्डं भरली जातात, रेलिंग धरलं नाही, हेल्मेटचा पट्टा सैल, असलं. किती आली ते सोडा, किती कार्डांवर पुढे काम झालं आणि लिहिणाऱ्याला उत्तर गेलं ते मोजा. लोकांना उत्तर मिळायला लागलं की ते खरं लिहायला लागतात आणि मग आकडा वाढतो, त्या वाढीला लाल रंग देऊ नका एवढंच वर समजावून सांगा. एखाद्या साइटवरून अचानक निअर मिस येणं थांबलं तर तिथे आधी जा.

---

तक्रारवही

सामाजिक बाजूवर कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. नेहमी असंच होतं, सेफ्टी आणि एमिशनवर दोन पानं आणि शेवटी एक ओळ, 'सामाजिक कामांवर इतका खर्च केला'. खर्च हा काही परफॉर्मन्स नाही. शाळेला बाक दिले हे चांगलंच आहे पण त्याने विहिरीच्या पाण्याला येणारा वास जात नाही.

मी पाइपलाइनच्या बाजूच्या वस्त्यांमध्ये संपर्काचं काम करायचे. महिन्याच्या शीटमध्ये तक्रारी शून्य. एक दिवस गेटवर थांबले होते तर सिक्युरिटीच्या केबिनच्या खिडकीत पाण्याची बाटली दिसली, वर तेलकट तवंग. गार्डला विचारलं तर म्हणाला, एक आजी ठेवून गेल्यात, साहेबांना दाखवा म्हणाल्या. कधी? दोन महिने झाले. त्याच्याकडे ना फॉर्म होता ना कुणाला कळवायचं हे कुणी सांगितलेलं. बाटलीवर धूळ बसली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तर आजी म्हणाल्या, "बाई, बाटली पोचली म्हणजे झालं, आम्ही वाटच बघत होतो." तो 'शून्य' मी त्यानंतर कधीच हिरवा केला नाही.

म्हणून तक्रारी किती आल्या एवढंच नका बघू. किती तोंडी आल्या, किती लिहून घेतल्या, महिना उलटूनही उघड्या किती, आणि बंद केल्या त्यातल्या कितींना तक्रार करणाऱ्यानेच 'हो, मिटलं' म्हटलं. हा शेवटचा आकडा सगळ्यात जड जातो कारण तो ऑफिसात बसून भरता येत नाही. मानवी हक्क आणि उद्योगांबद्दलची संयुक्त राष्ट्रांची २०११ ची तत्त्वं आहेत, त्यातलं ३१ वं तक्रार यंत्रणेवरच आहे, तेवढं एक पान तरी वाचा.

आणि गळतीचा आकडा कोण ठरवतं हा प्रश्न पण सामाजिकच आहे. नायजेरियात बोडोला २००८ मध्ये शेलच्या तिथल्या कंपनीच्या पाइपलाइनमधून दोनदा तेल गेलं, पहिल्या गळतीच्या रिपोर्टमध्ये लिहिलं १,६४० बॅरल. लोक वर्षानुवर्षं सांगत राहिले की हा आकडा चुकीचा आहे, खाडी काळी झालीय. शेवटी लंडनच्या कोर्टात प्रकरण गेल्यावर कंपनीला मान्य करावं लागलं की अंदाज कमी धरला होता, आणि जानेवारी २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्याच भागातल्या ओगोनीलँडचा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०११ चा अहवाल आहे, एका ठिकाणी लोक ज्या विहिरीचं पाणी पीत होते त्यात बेंझिन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघालं. हे पाणी पिणाऱ्या माणसांचा रकाना कुठल्या डॅशबोर्डवर होता, सांगा.

कंत्राटी कामगारांचे पगार वेळेवर होतात का, हेही सामाजिकमध्येच घ्या. पगार थकलेला माणूस धोक्याच्या कामाला नाही म्हणू शकत नाही.

---

मीटरवाला

तक्रारवही ताई, बाटलीचं वाचून सुन्न झालो. आमच्याकडे पाण्याचे नमुने फक्त कुंपणाच्या आतले घेतात. बाहेरच्या विहिरींचे पण घ्यायला पाहिजेत, हे मी उद्याच मांडतो.

---

बेरीज_वजाबाकी

एक राहिलं, बोनस. यातला कुठला आकडा बोनसला जोडणार हे आधी विचारून घ्या. माझ्या आधीच्या कंपनीत लॉस्ट टाइमवर मॅनेजरचा बोनस होता. एका फिटरची दोन बोटं फ्लँजमध्ये सापडली, टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरून गाडीने आणून कंट्रोल रूमच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसवलं, म्हणजे 'कामावर हजर'. हात उंच धरून दिवसभर बसला होता बिचारा, वेदनेने चेहरा पांढरा पडलेला. सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर त्या युनिटमध्ये कुणी लागलंय हे सांगेनासं झालं.

---

रात्रपाळी

बोनसबद्दल थोडा वेगळा विचार आहे माझा. काहीच जोडलं नाही तर प्रॉडक्शनचा आकडा तर जोडलेला असतोच, मग सगळं तिकडेच झुकतं. निकालाला जोडू नका, कामाला जोडा, म्हणजे टेस्ट वेळेत झाल्या का, बायपास काढले का. ते लपवायला अवघड, आणि जागेवर जाऊन तपासता येतं.

---

बेरीज_वजाबाकी

तपासणारा त्या मॅनेजरच्या हाताखालचा नसेल तर मान्य.

---

नवीन_रिपोर्टिंग

सगळ्यांना कळवते, आज काय झालं ते.

नाफ्थ्याचा हिशोब मागवला. साइटने आधी 'अंदाजे दोन बादल्या' सांगितलं, मग मी टाकीच्या लेव्हलचा ट्रेंड आणि पंप बंद झाल्याची वेळ मागितली तेव्हा आकडा बराच वर गेला. तो आता ७५४ च्या तक्त्याशी ताडून बघतेय, 'किरकोळ' मध्ये तो राहणार नाही हे नक्की. साहेबांना दाखवलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, बोर्डाच्या मीटिंगला तूच ये.

बायपासचं सगळ्या साइटना विचारलं. तिघांच्या याद्या आल्या, सगळ्यात जुना १४३ दिवसांचा आहे, गॅस डिटेक्टर, आणि तो नेमका माझ्या जुन्या युनिटच्या पंप हाउसमधला. शिफ्ट इंचार्जला फोन केला, आम्ही एकत्र काम केलंय, त्यालाही धक्का बसला, म्हणाला स्पेअर येईपर्यंत आज रात्रीपासून पोर्टेबल डिटेक्टर लावून माणूस उभा करतो.

चौथी साइट म्हणतेय रजिस्टर कागदावर आहे, पानांचे फोटो काढून पाठवतो. तक्रारवही ताई, गेटवरच्या गार्डकडे तक्रार लिहून घ्यायला काही आहे का, हेही त्यांना त्याच मेलमध्ये विचारलंय.